ऐश, चैन आणि लक्झरी

ठाण्याहून म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड किंवा खेडला गावी निघालेल्या माणसाला घरचे आणि शेजारचे एकच प्रश्न विचारतात, ‘एसटीने जाणार की लक्झरीने?’ या प्रश्नातली लक्झरी म्हणजे खाजगी बस. तिची सीट फाटलेली असो, मागच्या रांगेत डिझेलचा वास येत असो, पेणच्या पुढे ती दोन तास खड्ड्यांत रखडो, ती लक्झरीच. मे महिन्यात किंवा ईदच्या आधी पेट्या-गोण्या घेऊन, लेकराबाळांसह नाक्यावर उभी असलेली आमची माणसे ‘लक्झरी अजून आली नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात वैभवाचा विचार नसतो, रात्री बसायला जागा मिळेल की नाही एवढीच चिंता असते. इंग्रजीत ज्या शब्दाने राजवाडे आणि हिरेमाणके डोळ्यांपुढे येतात, तो शब्द आम्ही उचलला आणि कोकणच्या बसच्या कपाळावर चिकटवला.

एसटीने हा शब्द आपल्या पाट्यांवर येऊ दिला नाही. महामंडळाने ‘सेमी लक्झरी’ला मराठी प्रतिशब्द दिला, ‘निमआराम’. आता यात नीम म्हणजे अर्धा आणि आराम म्हणजे विसावा. दोन्ही शब्द फारसी. इंग्रजी हटवून मराठी आणायला निघालेले सरकारी खाते फारसीच्या अंगणात जाऊन थांबले आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. लोकांनी निमआराम पाटीवरच ठेवला आणि बोलताना दिल्लीत १९८२ साली झालेल्या आशियाई खेळांवरून त्या गाडीला ‘एशियाड’ म्हणायला सुरुवात केली. ते नाव इतके रुळले की खेळ विसरले गेले, गाडी राहिली.

सुखासाठी शब्द शोधायला मराठी माणूस निघाला की बहुतेक वेळा तो अरबी-फारसीच्या दारात जाऊन उभा राहतो. ऐश, आराम, मौज, मजा, शौक, हौस, ख्यालीखुशाली. सगळे तिकडून आलेले. संस्कृतातला विलास आहे, पण तो पुस्तकात राहतो, कल्याणच्या दूध नाक्यावर कोणी ‘आज विलास केला’ असे म्हणत नाही. चंगळ हा घरचा शब्द आहे आणि १९९१ नंतरच्या मोकळ्या बाजाराने त्याला ‘चंगळवाद’ म्हणून वैचारिक लेखांत मानाचे, म्हणजे खरे तर शिवीचे, स्थान दिले. पण रोजच्या बोलण्यात राज्य चालते ते चैनीचे आणि ऐशेचे.

हे शब्द आमच्याकडे कसे आले हे सर्वांना ठाऊक आहे. येताना त्यांचे अर्थ कसे बदलले हे फारसे कोणी पाहत नाही. तेच येथे थोडे पाहायचे आहे.

प्रथम ऐश. अरबीत हिचा मूळ अर्थ ‘जगणे’. चैन, विलास हे अर्थ नंतरचे. हजरत आयशा यांचे नाव याच धातूपासून आलेले आहे, आयशा म्हणजे जगणारी, जिवंत. अय्याश हे एका सहाबींचे नाव होते. आज उर्दूत किंवा हिंदीत कोणाला अय्याश म्हटले तर तो हात उगारील. जगण्यासाठी जे लागते त्यालाही अरबांनी ऐश म्हटले. इजिप्तमध्ये ऐश म्हणजे भाकरी. कुवेत, बहरीनकडच्या बोलीत ऐश म्हणजे भात. १९७० नंतर आखातात गेलेल्या आमच्या कोकणी माणसांना हा शब्द तिथल्या स्वयंपाकघरात भेटला असेल तेव्हा त्यांची गंमत उडाली असणार. गावी ज्यांच्याबद्दल ‘कुवेतला ऐश करतो’ असे बोलले जात होते, ते तिथे ऐश करत होते म्हणजे बारा तासांच्या ड्यूटीनंतर खोलीवर येऊन भात शिजवत होते.

मोगल आणि दख्खनी कागदपत्रांत याच धातूचा आणखी एक शब्द येतो, मदद-ए-मआश. आलिम, फकीर, मशिदी-दर्ग्यांचे सेवक यांना चरितार्थासाठी दिलेली जमीन. मआश म्हणजे जगण्याचे साधन. म्हणजे दफ्तरात हा धातू पोटापाण्याचा अर्थ धरून राहिला आणि बाजारात त्याचा अर्थ उधळपट्टी झाला.

मौज म्हणजे अरबीत लाट. (सातबाऱ्यावर गावाच्या नावाआधी येणारे ‘मौजे’ वेगळे, त्याचा अर्थ ठिकाण. त्यात मौज काही नाही, हे ज्यांनी तलाठी कचेरीत हेलपाटे घातले आहेत त्यांना सांगायला नको.) मजा म्हणजे फारसीत चव. तेव्हा ‘मौजमजा’ म्हणजे लाट आणि चव. शौक म्हणजे ओढ, सूफींच्या भाषेत ईश्वराची ओढ. मराठीत तो खाली उतरत पानतंबाखूपर्यंत आला.

हौसेचा प्रवास मात्र उलटा. हवस हा उर्दूत काळाकुट्ट शब्द आहे, त्यात वासना आहे, हव्यास आहे. तोच मराठीत ‘हौस’ होऊन इतका स्वच्छ झाला की आई मुलीच्या लग्नात ‘माझी हौस आहे’ असे चारचौघांत म्हणते आणि हौसेला मोल नाही ही म्हण कोणालाही लागत नाही. एखादा शब्द परक्या भाषेत गेला म्हणजे बिघडतोच असे नाही, कधी कधी तो तिथे सुधारतोही. हौस हे त्याचे उत्तम उदाहरण.

आता चैन. हिंदी-उर्दूत चैन म्हणजे जिवाची शांती. मराठीत ती ‘चैनीच्या वस्तू’ झाली, खर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर गेली. पण जुना अर्थ पूर्ण मेला नाही. ‘बेचैन’ म्हणजे चैनीच्या वस्तू नसलेला असे कोणी समजत नाही. ‘जिवाला चैन पडत नाही’ असे आपण अजून म्हणतो, आणि त्यातली चैन ही गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या हक्काची आहे. एकच शब्द: जिवाला पडली तर गरज, हाताने केली तर उधळपट्टी. आमच्या मते या विषयाची सारी गुंतागुंत या दोन वाक्प्रचारांत आहे.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी तयार केलेल्या राज्यव्यवहारकोशात राज्यकारभारातल्या फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. त्याचे दहा वर्ग आहेत: राज्य, किल्ले, शस्त्रे, लेखन, बाजार इत्यादी. त्यात एक ‘भोग्यवर्ग’ही आहे, उपभोगाच्या वस्तूंचा. कारभारातले काही शब्द बदलले. पेशवा हा शब्द टिकला खरा, पण अमात्य, सचिव, सेनापती हेही रुजले. उपभोगाच्या बाबतीत मात्र लोकांची जीभ ऐकायला तयार झाली नाही. अत्तर अत्तरच राहिले, मखमल मखमलच राहिली, हलवा हलवाच राहिला. राज्य बदलले की पदांची नावे बदलतात, जिभेला लागलेली चव तशी बदलत नाही.

पुढे १९२५ मध्ये माधवराव पटवर्धन यांचा, म्हणजे कवी माधव जूलियन यांचा, फार्शी-मराठी कोश निघाला. मराठीत मिसळून गेलेल्या अशा शब्दांचा शोध घेणाऱ्याला आजही या कोशापाशी जावे लागते. हेच माधव जूलियन नंतर भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. माणूस आपणच मोजलेल्या दागिन्यांवर असा रुसतो, याचे आम्हाला कोडे आहे. पण कोश राहिला, आणि तो आमच्या कामाला येतो.

शब्दांचे अर्थ बदलताना त्यांच्याबरोबर माणसांचीही चित्रे बदलतात. ‘ऐदी’ घ्या. अकबराच्या सैन्यात अहदी नावाचे घोडेस्वार होते. अहद म्हणजे एक. हे स्वार कोणा मनसबदाराच्या हाताखाली नसत, एकेकटे थेट बादशहाच्या चाकरीत असत. चांगला पगार, मानाची जागा. त्यांचे नाव मराठीत आले ते आळशी म्हणून. ‘नबाब’ हे तर नायब या शब्दाचे अनेकवचन. नायब म्हणजे दुय्यम, वरच्याच्या वतीने काम पाहणारा. आज ‘काय नबाब, उठा आता’ असे उशिरापर्यंत झोपलेल्या पोराला म्हटले जाते आणि ‘नबाबी थाट’ म्हटले की हुक्का, लोड-तक्के आणि कामधंदा नसलेला एक दाढीवाला डोळ्यांपुढे उभा राहतो. नायब तहसीलदाराला असे कोणी म्हणून पाहावे!

कल्याणच्या वाट्याला या चित्राचा मोठा हिस्सा आला. कल्याण म्हटले की मराठी वाचकाला खजिना आठवतो, सुभेदार आठवतो आणि त्याची सून आठवते. बाबूराव पेंटर यांनी १९२४ मध्ये याच विषयावर ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढला. सुनेची गोष्ट किती खरी याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही; शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले हे खरे. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या गोष्टीत कल्याणचा मुसलमान एकच आहे, सुभेदार. खजिना त्याचा, सून त्याची, महाल त्याचा. शहरातले बाकीचे मुसलमान त्या चित्रात कुठेच नाहीत. ते काय करत होते?

ते, आणि त्यांच्याबरोबर इतर जातिधर्मांचे कारागीर, चैनीच्या वस्तू तयार करत होते, वाहून नेत होते, गलबतांवर चढवत होते. ठाणे आणि कल्याण ही मुंबईच्या कितीतरी आधीची बंदरे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्याणहून पितळ, काळे लाकूड आणि कापड बाहेर जाते असे नोंदवले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या कमावलेल्या चामड्याची आणि सुती कापडाची नोंद केली. अरब भूगोलकारांच्या लेखनात तर ठाण्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापडाचा उल्लेख येतो. पोर्तुगीज आले तेव्हा ठाणे रेशमी विणकामासाठी नावाजलेले होते. विणकरांत मुसलमान होते, ख्रिस्तीही होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. पुढे मुंबई वाढली, विलायती माल आला आणि एकोणिसाव्या शतकात हा धंदा बसला. आज ठाण्यात रेशीम विणले जात होते हे सांगितले तर लोक शेजारच्या साडीच्या दुकानाचा पत्ता देतात.

रेशमावरून आठवले. पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावू नये असा इस्लामचा दंडक. तेव्हा विणकरांनी वरून रेशीम आणि आतून, अंगाला लागणारे, सूत असे कापड विणले. त्याचे नाव मश्रू, म्हणजे शरीयतने चालणारे. गुजरातेत आणि दख्खनमध्ये ते खूप चालले. यात पळवाट पाहणारे पाहोत, आम्हाला त्यात विणकराची अक्कल दिसते. त्याने चैनीला आणि बंधनाला एकाच मागावर बसवले. त्या कापडाचे मोल श्रीमंताने दिले, नाव धर्मशास्त्राने दिले, आणि विणणाऱ्याच्या अंगावर जाडेभरडे सूतच राहिले.

ही परंपरा लांब गेलेली नाही, खाडीपलीकडे भिवंडीत आहे. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढेही उत्तर प्रदेशातून विणकर, मोमीन, अन्सारी कुटुंबे या बाजूला आली. हातमाग गेला, यंत्रमाग आला. बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि एकाच खोलीत दिवसपाळीचे रात्री व रातपाळीचे दिवसा झोपतात. त्या मागांवरून निघालेले कापड देशभर जाते, त्यावर कोणाची तरी हौस भागते. कामगाराच्या तोंडी ‘ऐश’ हा शब्द आठवड्यातून एकदा येतो, वीज गेली आणि माग बंद पडले की. पण मजुरी मीटरवर असल्यामुळे तीही ऐश महागातच पडते.

तेव्हा आमचे म्हणणे असे की ‘मुसलमानी राजवट विलासात बुडाली’ हे वाक्य शाळेत घोकणाऱ्या मुलाला कोणीतरी हेही सांगितले पाहिजे की विलास करणारे मूठभर होते आणि विलासाच्या वस्तू तयार करणारे हजारो. दोघांचा धर्म एक असला तरी ताट एक नव्हते. राज्ये विलासाने बुडतात हा विचार मात्र जुना आहे आणि तो आमच्याकडच्याच एका मोठ्या माणसाने फार बारकाईने मांडला. ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूनने (१३३२ ते १४०६) आपल्या ‘मुकद्दिमा’त दाखवले की राज्य उभे करणारी पिढी कष्टाळू असते, पुढच्या पिढ्यांना सुखाची सवय लागते, खर्च वाढतो, मग कर वाढतात, मग रयत हात आखडते. येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्याने विलासाचा दोष कोणत्या धर्माला लावला नाही; तो ज्या घराण्यांबद्दल लिहीत होता ती त्याच्याच धर्माची होती. आपल्याकडे मोगलांच्या पडझडीचे खापर बरीच वर्षे जनानखान्यावर फोडले गेले. इरफान हबीब यांनी १९६३ मध्ये मोगल काळातील शेतीव्यवस्थेवर ग्रंथ लिहून शेतसाऱ्याच्या ओझ्याकडे आणि शेतकऱ्यांच्या उठावांकडे लक्ष वेधले, तेव्हापासून अभ्यासकांत तरी चर्चा बदलली. कादंबरीत आणि सिनेमात अजून जनानखानाच चालतो. उत्तर पेशवाईबद्दलही लोक असेच बोलतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

चैन कशाला म्हणायचे हे ठरवायचे कोणी? शाळेच्या अर्थशास्त्रात तीन कप्पे असत: आवश्यक वस्तू, सुखसोयीच्या वस्तू, चैनीच्या वस्तू. मास्तर लगेच सांगत की डॉक्टरची मोटार आवश्यक आणि जमीनदाराची चैनीची. गझाली (मृत्यू ११११) आणि त्यांच्यानंतर ग्रानाडाचे शातिबी (मृत्यू १३८८) यांनीही तीन पायऱ्या सांगितल्या: जरूरियात, हाजियात आणि तहसीनियात. ज्यावाचून जगणे मोडते ते पहिले, ज्यावाचून जगणे अडते ते दुसरे, ज्याने जगणे देखणे होते ते तिसरे. तिसऱ्या पायरीला त्यांनी ‘चैन’ म्हटले नाही, ‘तहसीन’ म्हटले. त्यात हुस्न आहे, सौंदर्य आहे. उधळपट्टीला वेगळा शब्द ठेवला, इसराफ. शाळेच्या पुस्तकाने हे दोन एकाच कप्प्यात टाकले. त्यामुळे गरिबाच्या घरी भिंतीला रंग लागला तरी ‘चैन’ आणि धनिकाने लग्नात हजार पाने उठवली तरी ‘चैन’.

सरकारालाही हा प्रश्न सुटलेला नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांना ‘लक्झरी’वर कर लावण्याचा अधिकार होता. महाराष्ट्राने १९८७ मध्ये तसा कायदा करून हॉटेलांच्या खोल्यांवर कर बसवला. काही राज्यांनी तंबाखू आणि सिगारेटवर लक्झरी कर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. त्यांना शब्दकोश उघडावे लागले, शब्दाचा जुना-नवा अर्थ तपासावा लागला. शेवटी न्यायालयाने ठरवले की घटनेतील त्या नोंदीत लक्झरी म्हणजे वस्तू नव्हे, उपभोग. सर्वसाधारण माणसाच्या गरजेपलीकडचा खर्चिक उपभोग. म्हणजे विडीचे बंडल ही लक्झरी होऊ शकत नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्याने हा निकाल वाचावा असा आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो कर त्यात विरघळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले: एअर कंडिशनर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि ४० टक्क्यांच्या नव्या टप्प्यात मोठ्या मोटारी, ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकली आणि साखर घातलेली थंड पेये एकत्र बसली. वर्तमानपत्रांनी या साऱ्याला ‘चैनीच्या वस्तू’ म्हटले. इफ्तारच्या दस्तरखानावरची थंड पेयाची बाटली अशी एका दिवसात मोठ्या मोटारीच्या पंगतीला जाऊन बसली!

ठाण्यात मात्र लक्झरीचा अर्थ गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बिल्डरांनी ठरवला आहे. पोखरण रस्त्यावरचे, घोडबंदर रस्त्यावरचे कारखाने बंद पडत गेले आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. जाहिरातीत ‘लक्झुरिअस वन बीएचके’ असे लिहिलेले असते. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि त्यात पलंग ठेवला की दार अर्धेच उघडते. पण खाली तरणतलाव आहे आणि प्रवेशद्वाराला खांब आहेत. ‘चोवीस तास पाणी’ हेही त्याच यादीत असते. डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत टँकरची वाट पाहणाऱ्याला विचारा, यादीतल्या कोणत्या सोयीपुढे तो बोट ठेवील.

आणि या लक्झरीत एक सोय जाहिरातीत न छापलेली असते. आमच्यापैकी अनेकांनी फोनवर चौकशी केली आहे, भाव ठरला आहे, नाव सांगितले आहे, आणि ‘सोसायटीचा प्रॉब्लेम आहे’ असे ऐकले आहे. बोलणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याचा आवाजही ओशाळलेला असतो. पगार चालतो, धनादेश चालतो, नाव चालत नाही. एप्रिल २००५ मध्ये, म्हणजे लक्झरीच्या अर्थाचा निकाल लागला त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्याच समाजापुरते सभासदत्व ठेवणारी पोटनियमाची तरतूद वैध ठरवली. तो निकाल एका लहान समाजाला आपली वस्ती राखता यावी असाही वाचता येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण घर नाकारणाऱ्याला एवढा बारकावा लागत नाही. त्याला पोटनियमही लागत नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठून आलेली हजारो कुटुंबे मुंब्र्यात आली ती काही खाडीचा वारा खायला नव्हे. तिथे घर मिळत होते आणि रात्री झोप लागत होती. चैन हा शब्द जुन्या अर्थाने, जिवाच्या शांतीच्या अर्थाने घेतला, तर मुंब्र्याच्या त्या दाटीवाटीच्या चाळींत ती होती.

आणि मुंब्र्याहून, कळव्याहून, डोंबिवलीहून कामाला जायचे तर लोकल आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १ मे १८५४ ला ती कल्याणला पोहोचली. तेव्हापासून या भागाचे सुखदुःख रुळांवर मोजले जाते. देशभरच्या गाड्यांतला तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला; लोकलमध्ये पहिला आणि दुसरा राहिला, आणि पहिल्या वर्गात ज्यादा पैशांचे जे मिळते ते गर्दीच्या वेळी म्हणजे थोडी बरी गर्दी. डोंबिवलीचा माणूस ‘आज बसायला मिळाले’ हे घरी आल्यावर ज्या स्वरात सांगतो, तो स्वर ऐकला की ऐश या शब्दाचा अर्थ कळतो. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवायला मिळणे हीच खरी निमआराम सेवा.

डिसेंबर २०२० मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर एसी लोकल सुरू झाली. मे २०२२ पासून तिच्या सुट्या तिकिटाचे दर जवळजवळ निम्म्यावर आणले तेव्हा प्रवासी वाढले. रेल्वेने साध्या लोकल काढून त्यांच्या वेळेला एसी गाड्या सोडायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याचे प्रवासी कारशेडमधून निघालेल्या एसी गाडीपुढे रुळांवर उतरले, बदलापुरातही लोक जमले. त्यांचे म्हणणे साधे होते: आमची नेहमीची गाडी आम्हाला द्या. दहा वाढीव एसी फेऱ्या रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. काही शहाण्यांनी तेव्हा लिहिले की लोकांना सुधारणा नकोत. आम्हाला वाटते लोकांना हिशेब कळत होता. साधी गाडी त्यांच्या लेखी जरूरियातमध्ये होती, आणि ती काढून त्या जागी तहसीनियात ठेवली गेली होती. आहे ते न काढता एसी गाडी दिली असती तर कोण रुळांवर उतरले असते?

९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसे खाली पडली. किमान चार जण गेले. त्यानंतर साध्या लोकललाही बंद होणारी दारे बसवण्याची चर्चा सुरू झाली. बंद होणारे दार तोपर्यंत एसी गाडीचे, म्हणजे ज्यादा भाड्याचे, वैशिष्ट्य समजले जात होते.

मुंब्रा-कौशाकडे आज बायकांच्या तोंडी ऐश हा शब्द सर्रास आहे. पाणी दोन वेळा आले तर ऐश. उन्हाळ्यात दुपारची वीज टिकली तर ऐश. रविवारी पोरगा घरी आहे, भाजी निवडायला हात लावतो, तर ‘आज तर आपली ऐश आहे!’ त्यांना अरबी येत नाही, शब्दकोश त्यांनी पाहिलेला नाही. कुवेतहून सुटीवर आलेला जावई हे ऐकतो आणि म्हणतो, ‘खाला, आमच्याकडे ऐश म्हणजे भात.’ खाला कुकरची शिटी मोजत असते. ती म्हणते, ‘मग तोच तर लावलाय.’